मदत हवी आहे : मोरिबानातलं जरबेराचं फूल मान टाकतंय

इकेबाना (जपानी पुष्परचना) शिकलेल्यांनो, जरा सांगा. सोसायटीच्या पुष्परचना स्पर्धेसाठी सोगेत्सू या इकेबाना-शैलीची मोरिबाना (पसरट भांड्यातली रचना) करतेय, सरळ उभ्या प्रकारातली. पसरट भांडं २४ सेंमी रुंद, ६ सेंमी खोल. दोन्हींच्या बेरजेच्या दीडपट, म्हणजे ४५ सेंमीची मुख्य फांदी ‘शिन’. ती आणि दुसरी फांदी ‘सोए’ दोन्ही पेरूच्या. तिरका छेद दिला की केन्झानच्या (फांद्या-फुलं रोवायच्या जड बैठकीच्या) खिळ्यांत घट्ट बसतात. घोडं अडलंय ते तिसऱ्या, सर्वांत आखूड ‘हिकाए’पाशी; तिथे फूल लावलंय. उभ्या रेषेपासून ७५ अंशांत झुकवलेला जरबेरा तासाभरात मान टाकतो. देठ पोकळ, खिळ्यांत खुपसताना चिरतोही.

तार घालू का? फूलवाले सर्रास घालतात, पण इथे ती दिसली तर सगळी मजाच गेली. जाड फांदीच्या तुकड्यात देठ खोचून कुणी बसवलाय का? की सरळ शेवंती घेऊ? निशिगंध सुचवू नका, त्याचा उंच दांडा शिनशीच भांडेल.

आणि हो, केन्झान झाकायला गारगोट्या चालतील की पानंच हवीत? परीक्षक बाई भलत्या कडक आहेत. शनिवारी पहाटे दादरच्या फूलबाजारात जाणार आहे, त्याआधी सांगा प्लीज.