पणजीचं माहेर शोधायचंय, सुरुवात कुठून करू? (तासगाव तालुका)

प्रश्न
पणजीला घरात सगळे आक्काच म्हणायचे. खरं नाव कुणालाच ठाऊक नाही. पणजोबा मानमोडीत गेले तेव्हा आजोबा रांगत होते. घरचं जिराईत पुरायचं नाही, म्हणून तिनं लोकांच्या रानात खुरपून तीन लेकरं वाढवली. आत्यानं लहानपणी तिला माहेर विचारलं, तर म्हणाली, "लांब हाय." आत्या आता पंच्याऐंशीची आहे. तिच्या हयातीत शोध लागावा असं फार वाटतं. पण सातबाऱ्यावर सगळी पुरुषांचीच नावं. कुठला कागद मागू?

उत्तर १
ताई, साल तर तुमच्याच घरच्या बोलण्यात आहे. मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. दसरा-दिवाळीच्या सुमाराला माणसं पटापट गेली. तेव्हा १९१८ ते १९२१ चे फेरफार काढा, म्हणजे गाव नमुना सहा. खातेदार वारला की वारसनोंद व्हायची आणि मुलं लहान असली तर 'अज्ञान, अ.पा.क. आई' असं लिहून पुढे बाईचं नाव यायचं. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. आपल्या आज्या-पणज्या कागदावर भेटतात त्या बहुतेक इथेच.

सोबत तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची, म्हणजे नमुना चौदाची नक्कल मागा. त्यात जन्ममृत्यू असतात. जुन्या कागदांवर जिल्हा सातारा दिसेल, गोंधळू नका. १९४९ पर्यंत तासगाव साताऱ्यातच होतं. गाव संस्थानी असेल तर मात्र दप्तर वेगळं, ते आधी घरी विचारून घ्या.

उत्तर २
माहेरासाठी हेळव्याला गाठा. बेळगावकडून बैल घेऊन येतात, वही उघडून पिढ्या वाचतात, धान्य घेतात. आमच्या आजीचं माहेर आम्हाला हेळव्याकडूनच कळलं. भावकीत एखादं तरी घर त्यांना अजून धान्य देत असेल, तिथे चौकशी करा. पंढरपूरला किंवा त्र्यंबकेश्वरला गेलात तर तुमच्या गावाच्या उपाध्यांची वही बघायला विसरू नका. आडनावाबरोबर मूळ गाव सांगा, नुसत्या आडनावावर पान निघत नाही.

धागाकर्ती
फेरफार मिळाला! १९१९ चा. पणजोबा मयत, खाली तीन मुलांची नावं, आजोबा शेवटचे, प्रत्येकापुढे 'अज्ञान'. मग 'अ.पा.क. आई' आणि तिचं नाव. कागद हातात घेऊन तिथल्याच बाकावर कितीतरी वेळ बसून राहिले. नाव इथे लिहीत नाही, आधी रविवारी आत्यासमोर बसून तिला वाचून दाखवणार आहे.

हेळवी आमच्या भावकीत सुगीनंतर येतात असं कळलं, तेव्हा माहेरासाठी थांबावं लागेल. कोतवाल बुकाची नक्कलही मिळाली, पण ती मोडीत आहे. तासगाव-सांगलीकडे कुणी मोडी वाचून देणारं असेल तर कृपया कळवा.