घरभाड्याला कमाल मर्यादा हवी का? (सोसायटीच्या ग्रुपवरून)

बी-२०४ : नमस्कार मंडळी. पुण्यात बाणेर-बालेवाडीत टू बीएचकेची भाडी आवाक्याबाहेर चालली आहेत. सरकारने कमाल भाडं ठरवून द्यावं, असं निवेदन आमदारांना द्यायचं ठरतंय. रविवारी क्लब हाऊसमध्ये सह्या घेतोय.

सेक्रेटरी : सर्वसाधारण सभेत आणखी एक विषय आहे. भाडेकरू ठेवण्याआधी सोसायटीची एनओसी, ५००० रुपये शुल्क आणि बॅचलर नकोत. कृपया उपस्थित राहावे.

सी-७०२ : काका, माझी सही धरू नका. कमाल भाड्याचा प्रयोग याच राज्यात होऊन गेलाय. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. मालकाच्या हातात जे पडायचं त्यात गिलावाही निघेना, त्यामुळे दुरुस्ती थांबली. इमारती कोसळायला लागल्यावर १९६९ मध्ये सरकारने उपकर लावला आणि दुरुस्ती मंडळ काढलं. तेव्हा १९,६४२ इमारती उपकरात आल्या. म्हणजे भाडं गोठवलं सरकारने आणि दुरुस्तीही गेली सरकारच्या गळ्यात. पुढे १९८६ ची कायदादुरुस्ती आली : ७० टक्के रहिवाशांची सोसायटी तयार असेल तर मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम मालकाला देऊन इमारत संपादित करायची. त्यावरचा खटला सुप्रीम कोर्टात नऊ न्यायाधीशांपुढे गेला. समाजाची भौतिक साधनसंपत्ती म्हणून प्रत्येक खासगी मालमत्ता मोजता येणार नाही, एवढं ठरायला ५ नोव्हेंबर २०२४ उजाडला. आणि इमारत संपादनाचं मूळ कलम वैध की नाही हे त्या निकालातही ठरलेलं नाही.

ए-३०३ : पण आता १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे ना? त्यात दरवर्षी ४ टक्के वाढ मिळते.

सी-७०२ : मिळते. ३१ मार्च २००० पासून. पण कशावर मिळते ते बघा. दीडशे रुपये भाडं असेल तर चक्रवाढ धरली तरी २५ वर्षांत ४०० रुपये. गोठवलेलं भाडं अवाजवी झालंय, असं सुप्रीम कोर्टाने १९९७ च्या डिसेंबरात सांगितलं होतं. जुना कायदा मार्च १९९८ ला संपतच होता म्हणून रद्द केला नाही इतकंच.

ए-३०३ : आणि त्याच कायद्यात बँका, सरकारी कंपन्या, १ कोटी किंवा जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्या वगळल्यात. म्हणजे संरक्षण नको कुणाला हे सरकारला कळतं, हवं कुणाला हे मात्र उत्पन्न न बघताच ठरवतात. चाळीच्या खोलीत राहणारा गिरणी कामगार आणि मलबार हिलच्या १५०० फुटांच्या फ्लॅटमधला कुटुंबप्रमुख, दोघांना एकच छत्री.

बी-२०४ : ते पागडीचं, म्हणजे ठोक रक्कम देऊन नाममात्र भाड्याने घेतलेल्या जुन्या घरांचं झालं हो. आपल्याकडे अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट असतं. पुण्यात कुठे पागडी?

सी-७०२ : पुण्यातल्या पेठांत आहेत काका जुने वाडे. पण अकरा महिन्यांचा धसका आला कुठून ते ऐका. १९७३ साली कायदा बदलला आणि १ फेब्रुवारी १९७३ ला जे लिव्ह अँड लायसन्सवर (भाडेकरूचे हक्क न देणाऱ्या, मुदतीच्या परवाना करारावर) राहत होते, ते एका रात्रीत भाडेकरू ठरले. ज्याने करार करून, मुदत ठरवून घर दिलं होतं, त्याचं घर गेलं. तेव्हापासून मालकांनी गाठ बांधली : मुदत कमी ठेवा, नाहीतर कुलूप लावा. २०११ च्या जनगणनेत मुंबईतच सुमारे ४.८ लाख घरं रिकामी निघाली. नागरी भारतात भाड्याच्या घरांचं प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होतं, २०११ मध्ये २८ वर आलं. याला एकच कायदा कारण नाही, घराच्या किमतीपुढे भाडं तुटपुंजं हेही आहेच. पण घर परत मिळेल का ही भीती मोठी.

डी-१०१ काकू : मालकांचीच बाजू चाललीये सगळी. आमच्या समोरच्या मुलींचं डिपॉझिट रंगकामाच्या नावाखाली अर्धं कापलं. त्याचं काय?

ए-३०३ : बरोबर आहे काकू. त्यावर उपाय करारातच असतो. ताबा घेताना फोटो आणि सामानाची यादी परिशिष्ट म्हणून जोडायची, नैसर्गिक झीज म्हणजे काय ते एका ओळीत लिहायचं आणि डिपॉझिट चावी दिल्याच्या दिवशीच परत, असं कलम घालायचं. यादी नसली की वाद 'तू म्हणतेस की मी म्हणतो' यावर अडकतो.

जी-४०३ : ११ महिन्यांचा करार केला की नोंदणी टळते म्हणतात, खरं का?

ए-३०३ : नाही, हा गैरसमज फार पसरलाय. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदलेलाच हवा, मुदत कितीही असो. जबाबदारी मालकाची. केला नाही तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड. आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, ते खोडून काढायचं काम मालकाचं. ५ वर्षांपर्यंतचा करार करता येतो.

आता हिशेब बघा. भाडं २५,०००, डिपॉझिट १ लाख. ११ महिन्यांचं भाडं २,७५,००० आणि डिपॉझिटवर १० टक्क्यांनी धरलेलं व्याज ९,१६७. एकूण २,८४,१६७ च्या ०.२५ टक्के, म्हणजे मुद्रांक सुमारे ७१० आणि शहरात नोंदणी फी १०००. असं तीनदा केलं की ५,१०० च्या वर, शिवाय एजंट दरवेळी. तेच ३६ महिन्यांचं, दरवर्षी ५ टक्के वाढीसह केलं तर मुद्रांक साधारण २,४५० आणि नोंदणी एकदाच १०००. भाडेकरूला तीन वर्षं वाढ किती ते माहीत, मालकाला घर रिकामं राहायचा त्रास नाही. काकांना जी मर्यादा सरकारकडून हवीये ती इथे दोघांच्या संमतीने मिळते.

डी-१०१ काकू : आणि मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर?

ए-३०३ : कलम २४. मुदतीनंतर राहिला तर दुप्पट परवाना शुल्क (करारातलं भाडं), आणि दाद सक्षम प्राधिकाऱ्याकडे. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत त्याने बचावाची परवानगी मागायची, नाहीतर आदेश निघतो. नोंदलेला करारच पुरावा मानला जातो, म्हणून नोंदणी हवी. या सोयीमुळेच पुण्यात इतकी घरं भाड्याला निघतात. यावर कमाल भाडं चढवलं की तोच मालक उद्या कुलूप शोधेल, नाहीतर वरचे पैसे रोखीत मागेल.

बी-२०४ : मग भाडी वाढतच राहू द्यायची का?

सी-७०२ : निवेदन द्याच, मुद्दे बदला. पुणे मनपा राहत्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत देते, भाड्याने दिलं की ती जाते. ते शेवटी भाड्यातच येतं. दुसरं, १ कोटीचा बांधकामाधीन फ्लॅट घेतला की ७ लाख मुद्रांक, ५ लाख जीएसटी आणि ३०,००० नोंदणी. घर हातात यायच्या आधी १२ लाख ३० हजार. भाड्याने द्यायला घर घेणारा त्यावरही व्याज मोजतो. बर्लिनने २०२० मध्ये भाड्याला टोपी घातली, मर्यादेखालच्या घरांच्या जाहिराती आटल्या, आणि २०२१ मध्ये घटनात्मक न्यायालयाने कायदाच रद्द केला.

सी-७०२ : आणि सेक्रेटरी, तुमच्या विषयाबद्दलही. सरकारने माझ्या फ्लॅटचा भाव ठरवू नये म्हणायचं आणि माझा भाडेकरू सोसायटीने ठरवायचा, हे जमत नाही.

सेक्रेटरी : सोसायटीची सुरक्षितता हाही विषय आहे.

ए-३०३ : त्यासाठी पोलीस पडताळणी आहेच. २०१४ च्या आदर्श उपविधीत (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीत) परवानगीची अट नाही. ८ दिवस आधी सूचना द्यायची, सोबत कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत. ५००० शुल्काला आधार नाही. बिनभोगवटा शुल्क (सभासद स्वतः न राहता घर भाड्याने देतो तेव्हाचं) १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयानुसार सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच, मनपा कर वगळून. सेवा शुल्क महिना ३००० असेल तर ३०० रुपये. मुलगा-सून राहत असतील तर तेही नाही. जादा घेतलेलं कुणी निबंधकाकडे गेलं तर परत द्यावं लागेल.

सेक्रेटरी : बरं, ५००० चा मुद्दा काढतो. बॅचलरचा सभेत बघू.

सी-७०२ : मग माझा विरोध आत्ताच नोंदवा, इतिवृत्तात येऊ द्या.

बी-२०४ : मिळकतकर सवलतीचा मसुदा कोण लिहून देतंय? सह्यांचा कागद नवा छापतो.

ए-३०३ : मी आज रात्री टाकतो. मनपाच्या बिलाची एक जुनी प्रत आणि एक भाड्याने दिल्यानंतरची, दोन्ही कुणाकडे असतील तर फोटो पाठवा. फरक आकड्यात दिसला तरच आमदार वाचतील.