मुंग्यांना ढकलू नका, जुनी जागा नकोशी होऊ द्या

पाळलेल्या मुंग्यांच्या काचेच्या नळीत पाणी अडवून धरणाऱ्या कापसावर बुरशी आली म्हणून राणी आणि वीसेक कामकरी मुंग्यांना नळी ठोकून नव्या घरात काढावं का, असं विचारलंय. कृपया तसं करू नका. थोडी बुरशी वसाहत बहुतेक वेळा सहन करते. धक्क्याने बिथरलेली राणी मात्र स्वतःचीच अंडी खाऊन टाकू शकते. पाणी संपत आलं असेल तरच घाई करा.

पाणी-कापूस भरलेली नवी नळी जुनीच्या तोंडाला लावून चिकटपट्टीने जोडा. नवीवर काळा कागद गुंडाळा, जुनीवर मंद उजेड राहू द्या. ऊन मुळीच नको, बंद काचेत त्या भाजून मरतात. मग थांबा. कधी एका रात्रीत अंडी-अळ्या उचलून निघतात, कधी दोन आठवडे हलत नाहीत. हे थांबणंच सगळ्यात अवघड, मला अजूनही जमत नाही पटकन.

आणि एवढ्या लहान वसाहतीला मोठं घर नकोच. रिकाम्या कोपऱ्यांत त्या उष्टं आणि मेलेल्या मुंग्या टाकतात, तिथे बुरशी जोरात धरते. साखरपाणी थेंबभर, अळ्यांसाठी छोटा किडा. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढा. औषध फवारलेल्या जागेतला किडा कधीच देऊ नका.