नक्षी शाबूत असूनही ट्रेलरचा टायर फुटला, चुकलं कुठं?

रंकाळ्याचा_भटक्या:
मंडळी, बोलेरोमागं ओढायला उद्यमनगरात छोटा कॅम्पिंग ट्रेलर बनवून घेतलाय. एक अ‍ॅक्सल, दोन चाकं, आत गादी, ओटा, मागच्या टोकाला शंभर लिटरची पाण्याची टाकी. मे महिन्यात देवगडला जाताना काही त्रास झाला नाही. येताना आंब्याच्या दहा पेट्या मागच्या दारातून सरकवल्या आणि करूळ घाट चढलो. गगनबावड्याच्या पुढं सरळ रस्ता मिळाला तसा ७५ चा वेग धरला, तर ट्रेलर शेपूट हलवायला लागला. साळवण ओलांडलं आणि डावा टायर फाटकन गेला. मागून येणारी एसटी लांब होती म्हणून वाचलो.

दार उघडलं तर बघवेना. कपाटाच्या दाराचं चुंबक सुटून चटणीचा डबा गादीवर, दीड किलो कांदा-लसूण चटणी. (चार दिवसांच्या सहलीला दीड किलो, आमच्या आईच्या हिशेबात हे कमीच.) छोटा सिलिंडर आडवा.

टायर ऑल्टोचे जुने, १४५/८० आर १२. गोटा झालेले नव्हते, नक्षी नव्यासारखी. हवा २८. ट्रेलर बनवणारा म्हणतो खड्डा लागला असणार. मला पटत नाही.

हवा_भरून_जा:
दादा, खड्ड्याला कशाला बोल लावताय. टायरच्या बाजूला DOT (डीओटी) अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, टायर कधी बनला ते सांगणारे, ते वाचा. ३४१६ असेल तर २०१६ चा ३४ वा आठवडा. उभ्या ट्रेलरची नक्षी झिजत नाही, पण रबर उन्हात वाळतं. बाजूला बारीक भेगा दिसतील.

दुसरं, साइजच्या पुढं ७४ लिहिलंय बघा. म्हणजे एका टायरला ३७५ किलो, तेही कमाल हवा भरली तर. २८ हवेत तेवढं पेलत नाही. बाजू दबत राहते, टायर आतून तापतो आणि मे महिन्याचा डांबरी रस्ता त्यात भर घालतो. हवा सकाळी निघण्याआधी तपासायची, गरम टायर बघून कमी करायची नाही. नवीन चाक बसवलं की ५०-१०० किलोमीटरवर नट परत आवळा.

ट्रॉलीवाला_पन्हाळा:
भावा, दहा पेट्या म्हंजे दीडशे किलो, टाकी शंभर, समदं चाकाच्या मागं! गाडीला जोडायचा हूक हलका झाला की ट्रेलर नाचणारच. आमी ऊस भरताना बी पुढं दाब ठेवतो. हुकावर एकूण वजनाच्या धा ते पंधरा टक्के पायजे. आणि शेपूट हलाय लागलं तर ब्रेक मारू नगंस, पाय हळू काढ.
पेट्यांना रॅचेट बेल्ट लाव. सुतळी घाटात ढिली पडती. कपाटाला चुंबक कसलं लावतोस, दाराच्या कडीसारखी कडी लाव. सिलिंडर उभा आवळ, कॉक बंद कर, रेग्युलेटर काढ.

रंकाळ्याचा_भटक्या:
काट्यावर नेऊन आलो. टाकी भरून, आंब्यांशिवाय: सुटा ट्रेलर ६४०. बोलेरोला जोडून फक्त चाकं काट्यावर घेतली तर ६२०. म्हणजे हुकावर जेमतेम २० किलो! पेट्या मागं असताना हूक वरच उचलला जात असणार. दोन टायरांची ताकद ७५०, आणि मी पेट्यांचे दीडशे धरून ७९० ओढत होतो. उरलेल्या टायरवर २११५ निघालं.

टाकी अ‍ॅक्सलच्या पुढं घेतोय. छोटा हत्तीचे (टाटा एस) १४५ आर १२ एलटी, ८ प्लायचे म्हणजे जास्त वजन पेलणारे टायर चालतील ना?

हवा_भरून_जा:
चालतील, पण रिम तेवढी हवा सोसणारी आहे का ते आधी बघा. स्टेपनीही तीच घ्या. आणि बोलेरोचा जॅक ट्रेलरखाली नीट बसतो का, हे घरीच करून बघा.

रंकाळ्याचा_भटक्या:
बसत नाही. आत्ताच बघितलं. साळवणला एका ट्रॅक्टरवाल्यानं स्वतःचा जॅक दिला होता, म्हणून तेव्हा कळलंच नाही.