वैमानिकापेक्षा जमिनीवरच्यांचे कान जास्त धोक्यात
लढाऊ जेट विमानात इंजिनाला एवढं खेटून बसणाऱ्या वैमानिकाचे कान शाबूत कसे राहतात, असं एकाने विचारलंय. पण इंजिन त्याच्या मागे असतं, आणि जेटचा मोठा गडगडाट तयार होतो तो विमानाच्याही मागे, तप्त झोत बाहेरच्या हवेत घुसळतो तिथे. कॉकपिटमध्ये मुख्यतः काचेवरून धावणारा वारा आणि वातानुकूलनाचा घोंघाट. तोही कमी नाही, वेगात 100 डेसिबलच्या पुढे जाऊ शकतो, म्हणून तर हेल्मेटमध्ये कान घट्ट झाकलेले असतात.

मला खरी काळजी वाटते ती जमिनीवरच्या तंत्रज्ञांची. आफ्टरबर्नर (जादा जोरासाठी इंजिनाच्या झोतात आणखी इंधन जाळणारी यंत्रणा) पेटलेल्या विमानाजवळ आवाज 140 डेसिबलच्या आसपास जातो. कानात बोळे, वर कान झाकणारे मफ, तरी छातीत हादरे बसतात आणि बोलणं सगळं हातवाऱ्यांनी. आम्ही तर पुण्यातल्या लोहगावच्या हवाई दलाच्या धावपट्टीपासून चांगले लांब राहतो, तरी सुखोई लढाऊ विमान उडालं की फडताळावरच्या वाट्या एकमेकींवर किणकिणतात. सकाळी लागोपाठ उड्डाणं असली की कुकरची शिट्टी झाली की नाही तेच कळत नाही. आई गॅसजवळ उभी राहून शिट्टीतून वाफ निघते का ते बघते आणि बोटांवर शिट्ट्या मोजते.