परदेशी जायच्या इंग्रजी परीक्षा आयएलटीएस, ओईटी, पीटीई: ज्याला जे ठाऊक ते इथं टाका

कृष्णाकाठ: विश्रामबागेत क्लासची पाटी बघितली, '८ बँडची गॅरंटी' (बँड म्हणजे आयएलटीएसचे गुण). जुन्या वह्या आठवल्या, म्हणून धागा. आयएलटीएसची सरासरी जवळच्या अर्ध्या बँडला जाते. ६.५, ६.५, ६, ६ म्हणजे ६.२५, ते ६.५ धरतात. पण विद्यापीठानं 'कुठल्याच भागात ६.५ च्या खाली नको' म्हटलं असेल तर सरासरीला कोण विचारतंय!

वाईकर: आयएलटीएसचे प्रकार बघून भरा. शिकायला अ‍ॅकॅडमिक. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीला (कायम राहायच्या अर्जाला) जनरल. उलटं भरलं की फी पाण्यात.

मिरज_नाईटड्यूटी: नर्सताईंनो, यूकेच्या एनएमसीला (तिथली नर्सची नोंदणी करणारी संस्था) ओईटी चालते, ती आरोग्य क्षेत्रातल्यांची परीक्षा. लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगला बी ग्रेड, रायटिंगला सी प्लस. रायटिंग ४५ मिनिटं, त्यातली पहिली ५ नुसती वाचायची. पत्र साधारण १८० ते २०० शब्दांचं. केस नोट्स (प्रश्नात दिलेली पेशंटची माहिती) सगळ्या कोंबल्या की मार्क जातात. गुडघ्याच्या पेशंटचं लहानपणीचं अपेंडिक्स कशाला? पत्र ज्याच्या हाती पडणार त्याला लागेल तेवढंच.

भडंग_प्रेमी: ताई, जर्मनीला पण हीच का?

मिरज_नाईटड्यूटी: नाही रे, तिकडं जर्मन शिकावं लागतंय, बी२ पातळीपर्यंत. राउंडला चालले, नंतर बोलते.

कोयनेचं_पाणी: आयएलटीएसच्या रीडिंगमध्ये 'फॉल्स' आणि 'नॉट गिव्हन'चा घोळ. उताऱ्यात 'कोयना धरण सातारा जिल्ह्यात आहे' एवढंच असेल, तर 'ते सोलापूर जिल्ह्यात आहे' हे फॉल्स. 'ते १०० मीटरहून उंच आहे' हे नॉट गिव्हन. तुम्ही भिंतीवर उभं राहून फोटो काढला असला तरी! उत्तर उताऱ्यातून, डोक्यातून नाही.

वाईकर: 😂 भिंतीवर सोडत नाहीत हो आता.

शाहूपुरी_४१५: आयएलटीएसचं लिसनिंग एकदाच ऐकवतात. 'दोनपेक्षा जास्त शब्द नको' असताना तीन लिहिले की शून्य. अनेकवचनाचा एस खाल्ला तरी चूक. कागदावर उत्तरं उतरवायला १० मिनिटं मिळायची, कॉम्प्युटरवर फक्त २, तीही तपासायला. रायटिंगचा दुसरा टास्क दुप्पट वजनाचा, म्हणून त्याला ४० मिनिटं ठेवा. पाठ केलेला निबंध परीक्षकाला लगेच कळतो.

कृष्णाकाठ: पीटीईचं कुणी सांगा की.

तासगाव_मनुका: बोलायच्या भागात माईकसमोर ३ सेकंद गप्प बसलं की रेकॉर्डिंग बंद. अडखळलात तरी बोलत राहा, मागं जाऊन शब्द दुरुस्त करू नका. बीपच्या आधी बोललेलं जमेत नाही. शेजारचे ओरडत असतात, त्यांच्याकडं कान देऊ नका.

वाईकर: सेंटर पुण्याचं असेल तर आदल्या रात्री जा. खंबाटकीत एक ट्रक बंद पडला की संपलं, उशीर झाल्यावर आत घेत नाहीत. ओळखीला मूळ पासपोर्टच, आधार नाही. फॉर्मवर नावही पासपोर्टवर आहे तस्सं, वडिलांच्या नावासकट.

भडंग_प्रेमी: दादा, येताना कंदी पेढे 🙏

वाईकर: सातारा उलट्या दिशेला आहे रे बाबा.

शाहूपुरी_४१५: राहिलंच. आयएलटीएसच्या एकाच भागात कमी पडलात तर कॉम्प्युटरवाल्यांना तेवढाच परत देता येतो, ६० दिवसांत. सगळी विद्यापीठं तो धरत नाहीत, आधी मेल टाकून विचारा, मगच पैसे भरा.