शेजाऱ्याला मदत केली, मग हिशेब मागायचा की नाही?

रामबागकर: काल पोह्यांच्या टपरीवर वाद अर्धवट राहिला, म्हणून इथे. २०२२ मध्ये श्रीलंका कंगाल झाली तेव्हा आपण सुमारे ४ अब्ज डॉलरची मदत केली. इंधन, औषधं, अन्नधान्य, सगळं. आणि त्याच ऑगस्टमध्ये आपली नाराजी माहीत असूनही चीनचं 'युआन वांग ५' हे संशोधन-टेहळणी जहाज श्रीलंकेच्या हंबनटोटा बंदराला लागलं! पुढच्या वेळी आधी अट, मग पैसा.

महूवाला: कोलंबोने आधी त्या जहाजाला येणं लांबवायला सांगितलं होतं, तेही लिहा की. बंदरच २०१७ पासून ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे आहे. आणि दाब टाकून काय मिळतं ते नेपाळात दिसलं. २०१५ चा भूकंप, मग तराईतल्या मधेशींना न पटलेलं नवं संविधान, मग सीमेवरच्या रक्सौल-बीरगंज नाक्यावर ट्रकच्या रांगा. दिल्ली सांगत राहिली, 'नाकेबंदी आमची नाही, मधेशींचं आंदोलन आहे.' सिलिंडरच्या रांगेतल्या माणसाला ते पटलं नाही. मार्च २०१६ मध्ये नेपाळचे पंतप्रधान ओली चीनला जाऊन वाहतूक करार करून आले.

रामबागकर: म्हणजे मधेशींनी गप्प बसायचं? आणि आपण फक्त चेक फाडायचे?

तोपखान्यातली: परराष्ट्रमंत्री असताना गुजरालांनी १९९६ मध्ये हेच तर म्हटलं होतं, लहान शेजाऱ्यांकडून परतफेड मागू नका. पाकिस्तान त्यात नव्हता, हे लोक सोयीने विसरतात. त्याच डिसेंबरात बांगलादेशाशी ३० वर्षांचा गंगा पाणीवाटप करार झाला. आता मुदत संपताना कळेल कोण किती उदार ते.

रामबागकर: उदारपणाने सीमा राखता येत नाही, ताई.

महूवाला: फौजेनेही नेहमी येत नाही, भिया. माझे वडील श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेत जाफन्याला होते. १९८७ मध्ये गेलो ते तमिळांना न्याय मिळवून द्यायला, आणि लढलो 'लिट्टे'च्या तमिळ वाघांशीच. सुमारे १२०० जवान गेले. शेवटी श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासाही म्हणाले, निघा. मार्च १९९० मध्ये परतलो. घरी बाबा त्यावर बोलत नसत. आई विषय बदलायची.

रामबागकर: ...बरं. पण २०२४ मध्ये श्रीलंकेने परदेशी संशोधन जहाजांना वर्षभर मनाई केली, ती आपण कटकट केल्यामुळेच ना?

तोपखान्यातली: कटकट केली म्हणून, आणि २०२२ ची मदत त्यांच्या लक्षात होती म्हणूनही. नुसत्या कटकटीने झालं असतं तर युआन वांग आलंच नसतं.

रामबागकर: हे काल टपरीवर का नाही बोललात?

तोपखान्यातली: तोंडात जिलबी होती.